काटा

फुले मार्केटात कुठलाही रेडिओ छान वाजतो.
पेसूमलनं काउंटरवर सहा मांडले,
सहाही एकदम बोलायला लागले.
"कोणताही न्या भाऊ, एकदम क्लिअर."
इथं क्लिअर असणारच, म्हटलं,
तुझं शटर वर आहे.

माझी खोली सावद्याला,
केळी पिकवायच्या चेंबरला चिकटून.
इकडून पत्रा, तिकडून पत्रा, मधे फोम,
डोक्यावर पुन्हा पत्रा.
आतली थंडी बाहेर जाऊ नये म्हणून बांधलेली,
तर बाहेरचंही काही आत येत नाही.
रेंजची एक कांडी, तीही उंबऱ्यावर.
रात्री दहा ते सकाळी सहा
मी तासातासाला आकडे लिहितो:
सोळा. साडेसोळा. सोळा.
कंप्रेसर बोलतो, पण त्याला एकच विषय.

पेसूमलनं अनामत घेऊन तीन दिले.
"आठ दिवस वापरा. खोक्याला ओरखडा नको."

पहिला चकचकीत. दिवे, पेन ड्राइव्ह, सगळं.
बटण दाबलं की आकडे आपले आपण पळतात
सत्याऐंशीपासून एकशे आठपर्यंत,
विनंती थांबा गाळणाऱ्या एसटीसारखे.
हात केलेला माणूस मागे धुळीत.
पुन्हा दाबलं. पुन्हा पळाले.
त्याच्या लेखी जळगाव नव्हतंच.

दुसऱ्याची एरियल माझ्या हाताएवढी.
सुभान तडवी गाडी खाली करून आत आला,
गंमत म्हणून टोक चिमटीत धरलं
आणि एक बाई बोलायला लागली,
कपाशीवरच्या अळीबद्दल.
"हालू नको भो!"
तो हालला नाही.
उजवा हात वर, डाव्यात न पेटवलेली विडी.
सात वर्षं सोबत काम करतोय,
इतका वेळ त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.
भुवईत केळीच्या चिकाचा काळा डाग.
उजव्या कानाची पाळी फाटलेली.
कशानं, ते विचारणार होतो,
तर बाहेर ट्रकनं हॉर्न दिला.
सुभान गेला. बाई गेली.
पेसूमलला फोन करून विचारलं,
यासोबत माणूस मिळतो का?

तिसरा भिकार. पिवळट प्लास्टिक,
कडेला दातेरी चाक, काचेमागे लाल काटा.
"हा कोणी नेत नाही, म्हणून दिला."
चाक अंगठ्यानं केसभर सरकवायचं,
मग आणखी केसभर.
खरखर, खरखर,
आणि मग त्या खरखरीचा पोत बदलतो.
उन्हाळ्यात तापीच्या पात्रातून चालताना
कोरड्या वाळूत एकाएकी
तळपायाला ओल लागते, तसा.
तिथं थांबायचं.
स्टेशन अशक्त आहे म्हणून काटा पुढं जात नाही.
ठेवला तिथं उभा राहतो.

तरी आवाज धागाभरच.
सुभान म्हणाला, मोरीतून पाणी जातं ना बाहेर,
मग तार काहून नाही जाणार?
जळालेल्या मोटारीच्या वाइंडिंगची तार आणली त्यानं,
सोलली, एरियलला गुंडाळली,
मोरीतून काढून मागच्या लिंबावर टाकली.
बाई आली. या वेळी कोणाचाही हात वर नसताना.

केंद्र अकराला बंद होतं.
म्हणजे माझ्या वाट्याला एक तास,
नि पहाटे सुटी व्हायच्या आधीची थोडी सुरावट.
एवढ्यासाठी साडेतीनशे, असं बायको म्हणते.
त्यातही कंप्रेसर सुरू झाला
की निम्मं वाक्य तो खातो.

चकचकीत आणि लांब हाताचा, दोन्ही परत केले.
पेसूमलनं खोकी उलटीपालटी करून पाहिली,
भिंग नव्हतं एवढंच.

परवा अकराच्या रकान्यात
सोळाच्या जागी मी लिहून गेलो:
हवामान कोरडं राहील.
मालकांनी वाचलं.
खोडलं नाही.
खाली सही केली, आणि विचारलं, कुठं?